चर्चगेटचे चर्च आणि जेराल्ड ऑन्जिअर

चर्चगेट स्थानकातून रोज लाखो माणसे बाहेर पडतात आणि आपापल्या कचेऱ्यांकडे चालू लागतात. स्थानकाच्या नावातले गेट कोणते आणि चर्च कोणते, हा प्रश्न त्यांतील फारच थोड्यांच्या मनात येत असेल. गेट आता उरलेले नाही. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडण्यात आली, तेव्हा तिच्याबरोबर हा पश्चिमेकडील दरवाजाही गेला. चर्च मात्र जागच्या जागी आहे. वीर नरिमन मार्गाने हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलच्या दिशेने गेले की सेंट थॉमस कॅथीड्रलचा पांढरा मनोरा दिसतो. शहराच्या दरवाजाला आणि पुढे एका मोठ्या रेल्वे स्थानकाला नाव देणारी ही वास्तू १७१८ साली प्रार्थनेसाठी खुली झाली. परंतु तिची कथा त्याच्या बेचाळीस वर्षे आधी सुरू होते. ज्याने ती योजली, त्या जेराल्ड ऑन्जिअरला तिचे छप्पर कधीच पाहायला मिळाले नाही.

ऑन्जिअरचा जन्म १६४०च्या सुमारास झाला. त्याचे घराणे आयर्लंडमधील. डब्लिन शहरातील एक रस्ता आजही या घराण्याच्या नावाने ओळखला जातो. वडील अँब्रोज ऑन्जिअर हे डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमधील वरिष्ठ धर्माधिकारी होते. थोरला भाऊ फ्रान्सिस पुढे लाँगफर्डचा अर्ल झाला. थोरल्याकडे जहागीर आणि धाकट्यांनी नशीब काढायला बाहेर पडायचे, अशी त्या काळच्या सरदार घराण्यांची रीत होती. जेराल्ड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १६६०च्या दशकाच्या आरंभी सुरतेच्या वखारीत दाखल झाला.

त्या वेळी सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते आणि कंपनीचा पश्चिम हिंदुस्थानातील सारा कारभार तेथूनच चालत असे. मुंबईला फारसे कोणी विचारत नव्हते. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला, तेव्हा आंदणाच्या करारात हे बेट इंग्रजांना मिळाले. दलदल, खाऱ्या पाण्याचे ओहोळ, नारळीच्या वाड्या आणि तापाची साथ, असे त्याचे रूप होते. राजाला ते सांभाळण्याचा खर्च जड वाटू लागला. १६६८ साली वार्षिक १० पौंड खंडाने त्याने ते कंपनीच्या हवाली केले.

पुढच्याच वर्षी, जुलै १६६९ मध्ये, सुरतेचा प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडेन मरण पावला. त्याच्या जागी ऑन्जिअरची नेमणूक झाली आणि मुंबईचे गव्हर्नरपदही ओघानेच त्याच्याकडे आले. तेव्हा त्याचे वय तिशीच्या आतबाहेर असावे.

सुरतेकडून मुंबईकडे

ऑन्जिअर १६७०च्या आरंभी मुंबईत आला आणि कंपनीने या बेटासाठी तयार केलेले कायदे त्याने जाहीर केले. त्या कायद्यांत सर्व धर्मांच्या लोकांना आपापल्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा होती. धर्माच्या बाबतीत पोर्तुगीजांनी वसई आणि गोवा भागात जे धोरण राबवले होते, त्याच्या पार्श्वभूमीवर ही मुभा मोठीच होती. तिच्यामागे उदारपणा किती आणि व्यापारी हिशेब किती, हे ठरवणे अवघड आहे. बहुधा दोन्ही असावेत. ओसाड बेटावर व्यापारी यायचे असतील तर त्यांना जकातीची सवलत जितकी लागते तितकीच आपल्या देवळाची आणि अग्यारीची हमी लागते, ही गोष्ट ऑन्जिअरने ओळखली होती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. ऑन्जिअर आणि त्याचे कौन्सिल त्या वेळी जवळच्या सुवाली बंदरात होते. इंग्रजांच्या वखारीचे संरक्षण स्ट्रेन्शॅम मास्टर या त्याच्या सहकाऱ्याने मूठभर खलाशांच्या जोरावर केले. या मास्टरचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. सुरतेच्या वैभवाला या दोन स्वाऱ्यांनी मोठे खिंडार पडले. मोगलांच्या छत्राखालचे श्रीमंत बंदर सुरक्षित नाही, हे व्यापाऱ्यांनाही कळले आणि ऑन्जिअरलाही. कंपनीने आपले मुख्य ठाणे एक ना एक दिवस मुंबईला हलवावे, या विचाराने त्याच्या मनात मूळ धरले. प्रत्यक्षात ते घडायला १६८७ साल उजाडले.

१६७२च्या पावसाळ्यात तो पुन्हा मुंबईत आला, आणि या खेपेस सलग तीन वर्षे राहिला. या तीन वर्षांत जे झाले, त्यामुळेच इतिहासकार त्याला मुंबईचा खरा संस्थापक मानतात.

सर्वांत अवघड प्रश्न जमिनीचा होता. पोर्तुगीज अमलातील जमीनदार, वाडीवाले आणि नवे राज्यकर्ते यांच्यात मालकीवरून वाद पेटले होते. कोणाची कागदपत्रे खरी आणि कोणाची खोटी, हे शोधत बसलो तर पिढ्या जातील, असे ऑन्जिअरने हेरले. नोव्हेंबर १६७२ मध्ये त्याने जमीनधारकांशी एक करारनामा केला. दरवर्षी एकत्रितपणे २० हजार झेराफिन कंपनीला द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या ताब्यातील जमिनींवरचा हक्क सोडायचा, असे त्याचे सार होते. हा करारनामा त्याच्याच नावाने ओळखला जातो.

त्याआधी, ८ ऑगस्ट १६७२ रोजी, बेटावर इंग्रजी कायद्याचे न्यायालय सुरू झाले. त्या दिवशी किल्ल्यातून निघालेल्या मिरवणुकीचे तपशीलवार वर्णन कंपनीच्या दप्तरात नोंदलेले आहे. सर्वांत पुढे हिरव्या पोशाखातले ५० भंडारी दोन-दोनच्या रांगेत चालत होते. त्यांच्यामागे निरनिराळ्या जातींचे २० हिंदू प्रतिनिधी, मग २० मुसलमान आणि २० ख्रिस्ती. त्यानंतर गव्हर्नरचा कोतवाल घोडा, कर्णे आणि नगारे, घोड्यावर स्वार झालेले अधिकारी, आणि अखेरीस पालखीतून स्वतः ऑन्जिअर. जॉर्ज विलकॉक्स हा पहिला न्यायाधीश नेमला गेला. मिरवणुकीचा थाट डोळे दिपवण्यासाठी होता हे उघड आहे. पण तिच्यातला क्रमही अर्थपूर्ण होता. या बेटावर राहणारे सारे समाज एका कायद्याच्या दारात येत आहेत, असे दृश्य त्याला उभे करायचे होते. प्रत्येक समाजाने आपले पंच निवडावेत आणि आपापसांतले किरकोळ तंटे त्यांच्यामार्फत सोडवावेत, ही व्यवस्थाही त्यानेच घातली.

याच सुमारास मुंबईत टाकसाळ उघडली गेली. चांदी, तांबे आणि कथील या धातूंची नाणी पाडण्यात आली. विणकरांना वसवण्यासाठी किल्ल्याजवळ घरांची रांग उभी राहिली. पारशांनी मलबार टेकडीवर आपला पहिला दोखमा बांधला, तोही याच दशकात. दीवच्या नीमा पारेख या बनिया व्यापाऱ्याने मुंबईत येण्यापूर्वी आपल्या अटी लिहून कळवल्या. आपल्या वाड्याच्या आवारात परधर्मीयाने राहू नये, तेथे कोणत्याही प्राण्याची हत्या होऊ नये, आपले धर्मविधी निर्वेध चालावेत, अशा त्या अटी होत्या. १६७७ साली त्या मान्य झाल्या. ऑन्जिअरच्या कारकिर्दीत बेटाची लोकसंख्या १० हजारांवरून ६० हजारांवर गेली, असे त्या काळच्या लिखाणात म्हटले आहे. हा आकडा फुगवलेला आहे असे आजच्या अभ्यासकांना वाटते. पण वस्ती झपाट्याने वाढली यात वाद नाही.

चारी बाजूंनी वैरी

ही सारी कामे शांततेच्या काळात झाली नव्हती. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनानी रायक्लोफ फान गोएन्स मोठे आरमार घेऊन मुंबईवर चालून आला. ऑन्जिअरने किल्ल्यावर तोफा चढवल्या आणि जी माणसे हाताशी होती ती उभी केली. इंग्रज शिपाई होते, पोर्तुगीज वंशाचे टोपास होते, स्थानिक नागरिकांची पलटण होती आणि दांडकी घेतलेले ३०० भंडारीही होते. तयारी पाहून डच आरमार न लढताच माघारी वळले. ज्या बेटावर चार वर्षांपूर्वी कंपनीला कोणी ओळखत नव्हते, त्याच्या रक्षणासाठी तेथल्या रहिवाशांनी उभे राहावे, हे ऑन्जिअरच्या धोरणाचे पहिले मोठे यश म्हणावे लागेल.

मराठ्यांशी त्याचे नाते अधिक गुंतागुंतीचे होते. मुंबईला लागणारे धान्य आणि जळाऊ लाकूड समोरच्या मुलखातून येई, आणि कल्याण-भिवंडीचा तो मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात होता. दुसऱ्या बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार म्हणून पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा मागत असे. त्याला नकार दिला तर सुरतेतला व्यापार बुडणार, होकार दिला तर रायगडाचा रोष ओढवणार. ऑन्जिअरने दोघांशीही गोड बोलत वेळ काढला. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मिळावी, म्हणून त्याने वकील पाठवले. त्यांतला हेन्री ऑक्झेंडेन मे १६७४ मध्ये रायगडावर पोहोचला. ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाला तो हजर होता आणि त्याने लिहून ठेवलेली हकीकत हे त्या सोहळ्याचे एक महत्त्वाचे समकालीन साधन आहे. काही दिवसांतच इंग्रज आणि मराठे यांच्यात तहही झाला. महाराष्ट्राच्या इतिहासात ऑन्जिअरचे नाव येते ते बहुधा या वकिलातीच्या निमित्ताने.

खरा त्रास त्याला घरच्यांकडूनच होता. लंडनच्या संचालकांना तटबंदीवरचा प्रत्येक पैसा उधळपट्टी वाटत असे. त्यांनी शिबंदी कमी करायला आणि खर्च छाटायला सांगितले. १६७४ साली शिपायांनी बंड केले. ऑन्जिअरने त्यांच्या बऱ्याच मागण्या मान्य केल्या, पण एका म्होरक्याला गोळी घालण्याची शिक्षाही अमलात आणली. मुंबईच्या हवेने त्याची स्वतःची प्रकृतीही ढासळत चालली होती. इंग्लंडहून आलेली तरुण माणसे एक-दोन पावसाळ्यांतच दगावत. आजाऱ्यांसाठी इस्पितळ हवे, हा आग्रह त्याने धरला, आणि ते त्याच्या अखेरच्या दिवसांत सुरू झाले.

पंधरा फूट भिंती

या बेटावर पोर्तुगीजांची कॅथलिक चर्चे होती, हिंदूंची देवळे होती, माहीमला दर्गा होता. राज्यकर्त्या इंग्रजांचे स्वतःचे प्रार्थनामंदिर मात्र नव्हते. किल्ल्यातल्या एका दालनात ते रविवारी जमत. कॅथीड्रलच्या सावलीत वाढलेल्या ऑन्जिअरला हे बोचत असावे. इंग्रज नोकरांचे दारू आणि जुगार यांनी माखलेले जीवन त्याला लाजिरवाणे वाटे. ज्यांना आपण कायदा शिकवतो त्यांच्यासमोर आपले वर्तन कसे दिसते, याची त्याला काळजी होती. त्याने नव्या चर्चची योजना आखली आणि तिच्यासाठी वर्गणी जमू लागली. १६७५ साली त्याने येथील ख्रिस्ती समाजाला चांदीचा एक चषक दिला. प्रभुभोजनाच्या विधीत वापरायचा हा चषक चर्चच्या आधी तयार झाला. त्याला ठेवायला घर अजून उभे राहायचे होते.

सप्टेंबर १६७५ मध्ये ऑन्जिअर सुरतेला परतला. १६७६ साली मुंबईत चर्चचा पाया घातला गेला. भिंती चढू लागल्या. ३० जून १६७७ रोजी सुरतेत ऑन्जिअर मरण पावला. त्याने वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्याला तिथल्याच इंग्रज दफनभूमीत पुरण्यात आले.

त्याच्यामागे चर्चचे काम थांबले. भिंती सुमारे १५ फूट उंचीवर आल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. छप्पर नाही, दारे नाहीत, आत गवत. अशी जवळजवळ चाळीस वर्षे गेली. जमलेल्या पैशांचे काय झाले? अलेक्झांडर हॅमिल्टन या जहाजी कप्तानाने आपल्या प्रवासवर्णनात त्याचा ठपका पुढे गव्हर्नर झालेला सर जॉन चाइल्ड याच्यावर ठेवला आहे. चर्चसाठी जमलेले सुमारे ५ हजार पौंड चाइल्डने घशात घातले, असा त्याचा आरोप आहे. हॅमिल्टनचे कंपनीशी वाकडे होते, त्यामुळे त्याचा शब्द जपूनच घ्यावा लागतो. पैसे होते आणि चर्च झाले नाही, एवढे मात्र भिंतींकडे पाहून कोणालाही कळत होते.

चाइल्डचा काळ एकंदरीतच ऑन्जिअरच्या धोरणाच्या उलट होता. १६८३ साली मुंबईच्या शिबंदीने रिचर्ड केग्विनच्या नेतृत्वाखाली कंपनीविरुद्ध उठाव केला आणि वर्षभर बेट राजाच्या नावाने चालवले. पुढे चाइल्डने मोगलांशी युद्ध ओढवून घेतले. १६८९ साली सिद्दी याकूतखानाने शिवडी, माझगाव आणि माहीम घेऊन इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. १६९० साली औरंगजेबाची माफी मागून आणि दंड भरून हे प्रकरण मिटले. वस्ती रोडावली, व्यापार बसला. बिनछपराच्या त्या भिंती या पडझडीच्या साक्षीदार होत्या.

याच्या अगदी उलट चित्र मद्रासमध्ये दिसले. सुरतेची वखार राखणारा स्ट्रेन्शॅम मास्टर तेथे गव्हर्नर झाला. त्याने मार्च १६७८ मध्ये वर्गणीतून सेंट मेरी चर्चचे काम सुरू केले आणि ऑक्टोबर १६८० मध्ये ते पूर्ण करून दाखवले. दोन सहकारी, एकच कंपनी, जवळजवळ एकच काळ. मद्रासला अडीच वर्षे लागली, मुंबईला बेचाळीस. मास्टर जगला आणि ऑन्जिअर गेला, हा फरक तर खराच. पण एका माणसाच्या सचोटीवर उभे असलेले काम त्याच्यामागे किती सहज ढासळते, हेही त्यातून दिसते.

नाताळचा दिवस, १७१८

१७१४ साली रिचर्ड कॉब हा तरुण पाद्री मुंबईत आला. अर्धवट भिंती पाहून त्याला वाईट वाटले आणि त्याने तो प्रश्न थेट प्रवचनातून मांडला. पुन्हा वर्गणी सुरू झाली. नवा गव्हर्नर चार्ल्स बून याने पाठिंबा दिला. याच बूनने शहराभोवती तट बांधला, आणि चर्चच्या बाजूच्या दरवाजाला चर्चगेट हे नाव पडले. नव्या वास्तूच्या भिंती जाड ठेवल्या गेल्या आणि छप्पर तोफगोळ्यांना दाद देणार नाही असे बांधले गेले. देवाचे घर बांधतानाही शत्रूच्या आरमाराची आठवण ठेवावी लागे, असे ते दिवस होते.

२५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च खुले झाले. गव्हर्नर मिरवणुकीने आला, एका बालकाचा बाप्तिस्मा झाला, तोफांची सलामी झडली. कॉबने या समारंभाची जी हकीकत लिहिली आहे, तिच्यात एका हिंदू पाहुण्याचा खास उल्लेख आहे. रामा कामत आपल्या जातभाईंना घेऊन आला होता आणि प्रार्थना संपेपर्यंत उभा राहून सारा विधी पाहत होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव रामा कामाटी असे येते. तो मुंबईतला मातब्बर सारस्वत व्यापारी होता आणि कंपनीच्या देशी शिपायांचा नायकही. वाळकेश्वरचे मंदिर त्याने १७१५ साली नव्याने बांधले. मंदिर बांधणारा माणूस चर्चच्या उद्घाटनाला येतो आणि तेथे त्याचे स्वागत होते, हे दृश्य ऑन्जिअरच्या मिरवणुकीची आठवण करून देणारे होते. त्याच्या कल्पनेतले शहर त्या दिवशी काही तास तरी प्रत्यक्षात आले असे वाटावे.

पण त्याच सुमारास कंपनीचे कान्होजी आंग्रे यांच्याशी युद्ध चालू होते. नाताळच्या आधी काही आठवडे बूनच्या आरमाराने खांदेरीवर हल्ला केला होता आणि तो फसला होता. अपयशाचे खापर फोडायला कोणीतरी हवे होते. रामा कामत आंग्र्यांना आतून सामील आहे, असा आरोप ठेवण्यात आला. पुरावा म्हणून पत्रे दाखवण्यात आली. एका नोकराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून कबुलीजबाब घेण्यात आला. १७२० साली त्याला जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त झाली. १७२८च्या सुमारास तो कैदेतच मरण पावला. ती पत्रे बनावट होती, असा निष्कर्ष पुढे निघाला; पण तो रामा कामतच्या उपयोगाचा नव्हता.

चर्च पूर्ण करणारा गव्हर्नर आणि हा खटला चालवणारा गव्हर्नर एकच होता. ऑन्जिअरने दोन गोष्टींचा पाया घातला होता. एक चर्च, दुसरे न्यायालय. पहिल्यावर बूनच्या काळात छप्पर चढले. दुसरे त्याच काळात उघडे पडले. मुंबईच्या संस्थापकाचा वारसा मोजताना या दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

संगमरवरी आठवणी

१७१८चे चर्च साधे होते. आज तेथे जी कला दिसते ती पुढच्या दोनशे वर्षांत जमा होत गेली. १८१६ साली कलकत्त्याचे बिशप मिडलटन यांनी या वास्तूचे विधिवत समर्पण केले आणि ती संत थॉमसच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १८३७ साली मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि चर्चला कॅथीड्रलचा दर्जा आला. पाठोपाठ १८३८ साली मनोरा उंचावला. पहिले बिशप थॉमस कार यांची पहुडलेली संगमरवरी प्रतिमा आत आहे.

भिंतींवरची स्मारके हा या वास्तूचा सर्वांत मोठा ठेवा. त्यांतली महत्त्वाची स्मारके लंडनच्या शिल्पशाळांत घडून जहाजाने आली. धाकटा जॉन बेकन या शिल्पकाराने केलेले गव्हर्नर जोनाथन डंकनचे स्मारक त्यांत विशेष लक्ष वेधते. डंकन १७९५ ते १८११ अशी सोळा वर्षे मुंबईचा गव्हर्नर होता. बनारस आणि काठेवाडातील बालहत्येची प्रथा बंद करण्यासाठी त्याने केलेले प्रयत्न या शिल्पाचा विषय आहेत, आणि त्यात तरुण हिंदू त्याला आशीर्वाद देताना दाखवले आहेत. १८०८ साली फ्रेंच युद्धनौकेशी लढताना पडलेल्या कॅप्टन हार्डिंजचे स्मारकही बेकनचेच. बाकीच्या पाट्या वाचत गेले की विशी-पंचविशीत तापाने किंवा युद्धात गेलेल्या माणसांची लांबलचक यादी समोर येते. साम्राज्याचा गौरव आणि त्याची किंमत एकाच भिंतीवर कोरलेली आहे. या स्मारकांतले हिंदी लोक मात्र सदैव कृतज्ञ आणि नतमस्तक दिसतात. रामा कामतची पाटी या भिंतीवर नाही.

१८६०च्या दशकात कापसाच्या तेजीने मुंबईत पैशाचा पूर आला, तेव्हा चर्चचा गॉथिक पद्धतीने कायापालट करायचे ठरले. जेम्स ट्रबशॉच्या आराखड्याप्रमाणे वेदीकडचा पूर्व भाग नव्याने उभा राहिला. मग तेजी ओसरली आणि उरलेला बेत कागदावरच राहिला. म्हणून आजही ही वास्तू अर्धी अठराव्या शतकातली आणि अर्धी एकोणिसाव्या शतकातली आहे. प्रवेशद्वारापुढचे कारंजे सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने दिले आणि त्याचा आराखडा इंग्लंडचे ख्यातनाम वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांचा. अँग्लिकन चर्चच्या दारात पारशाचे कारंजे, ही मुंबईची खास जोडणी आहे.

पूर्वेकडील रंगीत काचांच्या खिडक्यांत संत थॉमस वास्तुविशारदाच्या रूपात दिसतो. त्यामागे एक जुनी आख्यायिका आहे. हिंदुस्थानातल्या गोंडोफर्नीस राजाने थॉमसला महाल बांधायला पैसे दिले, आणि थॉमसने ते सगळे गोरगरिबांना वाटून टाकले. महाल कुठे आहे असे राजाने विचारले, तेव्हा तो स्वर्गात बांधला आहे असे उत्तर मिळाले. म्हणून थॉमस हा बांधकाम करणाऱ्यांचा संत मानला जातो. बांधकामाचा पैसा ज्या चर्चमध्ये एकदा नाहीसा झाला होता, त्यालाच या संताचे नाव मिळावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. फरक इतकाच, की इथला पैसा गरिबांकडे गेला नव्हता.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या वास्तूची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. पूर्वी मुंबईतले मैल याच चर्चपासून मोजले जात; गेल्या काही वर्षांत जमिनीत गाडले गेलेले ते जुने मैलाचे दगड शोधून पुन्हा वर काढण्यात आले.

शहराची अंतरे ज्या ठिकाणापासून मोजली गेली, तेथे ऑन्जिअरचा देह नाही. तो सुरतेत आहे, ज्या शहराकडून त्याला कंपनी मुंबईत आणायची होती तेथेच. मुंबईला त्याने दिलेली सर्वांत जपलेली वस्तू म्हणजे १६७५चा तो चांदीचा चषक. दिला तेव्हा त्याला ठेवायला चर्च नव्हते. १७१८ साली ते मिळाले. त्याने दिलेले दुसरे वचन, म्हणजे निरनिराळ्या देवांची माणसे एका कायद्याखाली निर्धास्त राहतील हे, मात्र एकदा बांधून पुरे होणारे नव्हते. रामा कामतच्या वेळी ते मोडले, आणि त्यानंतरही या शहराला ते पुनःपुन्हा नव्याने उभारावे लागले आहे.